आण्णांची डावी सीट

आमच्या शेजारी राहणाऱ्या गुरुपाद आण्णांच्या सोप्यात एक शिसवी झोपाळा आहे आणि त्या झोपाळ्याला सीटबेल्ट आहे.

मी चेष्टा करत नाही. चेष्टा असती तर पहिल्याच दिवशी हसून मोकळा झालो असतो. माझे सासरे पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आले, तेव्हा आण्णांनी त्यांना चहाला बोलावलं. सासरे मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले, करारी गृहस्थ. ते झोपाळ्यावर टेकले, कप हातात घेतला, आणि आण्णा समोर येऊन उभे राहिले.

"पावणं, पट्टा लावा."

"कशाला?"

"हलतंय ते धडकतंय," आण्णा म्हणाले आणि स्वतःच वाकून त्यांनी सासऱ्यांच्या पोटावरून पट्टा आवळून खट्कन लावून टाकला. समोर तिवईवर चिवड्याची बशी होती. पट्ट्यामुळे सासऱ्यांचा हात तिथवर पोचेना. पुढचा अर्धा तास ते चिवड्याकडे बघत बसले. घरी आल्यावर माझ्या बायकोला एवढंच म्हणाले, "तुझं लग्न ठरवताना घर बघितलं, शेजार बघायचा राहिला."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा कोल्हापुरात मोटारीतल्या सीटबेल्टवर लोक ओला टॉवेल वाळत घालायचे. कुणी पट्टा लावून बसलंच, तर "काय, बरं वाटंना काय?" अशी चौकशी व्हायची. त्या काळात आण्णांच्या घरी झोपाळ्याला पट्टा, गॅसच्या सिलिंडरला साखळी, भिंतीवरच्या घड्याळाला खालून टेकू आणि आण्णांच्या चष्म्याला दोन दोऱ्या. एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते बघायचं असलं, तरी ते हेल्मेट घालून जिना चढत. गल्लीतली नवी माणसं ते बघायला थांबत. जुनी थांबत नसत.

आण्णांचा उद्यमनगरात कारखाना. ऑइल इंजिनचे सुटे भाग करायचे आणि उसाच्या चरकाचे रोलर. घराणं मूळचं निपाणीकडचं. त्यामुळे एरवी बोलणं आमच्यासारखंच रोखठोक, पण घाबरले की कन्नड. "निधान! निधान!" म्हणजे सावकाश, सावकाश. हा शब्द मी इतक्या वेळा ऐकलाय की मला झोपेतही ऐकू येतो.

याचं कारण माझी मारुती. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. पोटाला चिमटा घेऊन एक जुनी मारुती घेतली आणि पहिल्या रविवारी मोठ्या कौतुकानं आण्णांना शेजारी बसवून रंकाळ्याला फेरी मारायला नेलं. पट्टा त्यांनी लावला, ते ठीक. पण गाडी सुरू झाली आणि आण्णांचा उजवा पाय सुरू झाला. समोर सायकल दिसली, दाब. म्हैस दिसली, दाब. लांबवर सिग्नल दिसला, दाब. डाव्या बाजूला ब्रेक नसतो हे त्यांना मशीनवाला माणूस असून ठाऊक नव्हतं असं नाही, पण पायाला ते पटत नव्हतं. वर तोंडानं "निधान, सर, निधान!" चालूच. गाडीचा वेग सायकलवाला आम्हाला मागं टाकून जाईल एवढा. अशा चार-सहा फेऱ्या झाल्यावर बायकोनं गाडी धुताना विचारलं, "डावीकडच्या मॅटला भोक कसं पडलं हो?" मी कपाळाला हात लावला.

तर असा हा माणूस. आणि याच्याच पोटी उमा.

उमा म्हणजे आण्णांची एकुलती एक लेक. इंजिनिअर झाली आणि बापाच्याच कारखान्यात उभी राहिली. आमच्याकडच्या पोरी "मी जातो, मी येतो" असंच बोलतात, पण उमाचं बोलणंच काय, चालणं, वागणं, गाडी चालवणं, सगळंच दणक्यात. तिला गाडी शिकवली आण्णांनीच, माळावर, स्वतः डावीकडे बसून पाय दाबत दाबत. एवढं दाबूनही ती शिकली, हे तिचं कर्तृत्व.

दोन हजार सालानंतर दोन-तीन वर्षांत गडमुडशिंगीच्या पुढं माळावर एका हौशी माणसानं रेसचा ट्रॅक केला. डांबरी, वळणावळणाचा, कडेला जुन्या टायरच्या राशी लावलेला. कोल्हापूरला नवा नाद मिळायचा अवकाश. दर रविवारी निम्मं गाव तिकडं. उमा एकदा बघून आली आणि रात्री जेवताना, त्या दिवशी मीही त्यांच्याच पंगतीला होतो, म्हणाली, "आण्णा, मी रेस मारणार."

गाडीही घरातच होती. एका बड्या घरच्या चिरंजिवांनी हौसेनं घेतलेली लाल, दोन दारांची, दोन माणसांची, बिनटपाची स्पोर्ट कार. आमच्या गावच्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासायचं. चिरंजीव कंटाळले, आण्णांना गाडी देऊन मोकळे झाले आणि ती कारखान्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली येऊन पडली ती कायमची. उमा म्हणाली, "ती मला द्या. तिचीच ट्रॅकची गाडी करूया."

मला वाटलं, आता आण्णा ताट बाजूला सारून उठणार. नीलाक्का म्हणजे आण्णांची बायको. तिलाही तसंच वाटलं. पण आण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला आणि म्हणाले, "देतो. पन मी करंल तशी."

उमानं टाळी वाजवली. आम्हा सगळ्यांना तो होकार वाटला.

दुसऱ्या दिवसापासून गाडी सोलायला सुरुवात झाली. ट्रॅकच्या गाडीत अनावश्यक काही ठेवायचं नसतं. वजन कमी, धोका कमी. आग धरेल असं काही आत नको, उडून डोक्यात बसेल असं काही नको. हे सगळं बरोबरच होतं, आणि आण्णांनी ते चोख केलं. अडचण एवढीच की आण्णांना टाकवत काहीच नाही. गाडीतलं गालिचाचं कापड देवघरात आलं. टेप स्वयंपाकघरात आला. हॉर्न दाराची बेल म्हणून लागला, आणि तेव्हापासून त्यांच्याकडे कुणी आलं की आमच्या घरात माणसं दचकून उठतात. आतल्या आरशात बघून आण्णा दाढी करू लागले. गाडी हलकी होत गेली आणि घर जड.

सगळं निघालं. फक्त डावी सीट निघाली नाही.

"आण्णा, ही कशाला?" उमानं विचारलं. "चालवणार मी एकटा."

"बॅलन्सला," आण्णा म्हणाले आणि दुसरीकडं बघू लागले.

मग पिंजरा. गाडीला टप नाही म्हटल्यावर ती उलटली तर डोकं सुरक्षित राहायला आत जाड पाइपांचा पिंजरा हवा. आण्णांनी पाइप आणले, वाकवताना चेपू नयेत म्हणून आत फौंड्रीची वाळू ठासली, तापवून वाकवले, जोडले. सुरेख काम झालं. रेस पुढच्याच आठवड्यात होती. उमानं स्वतःच्या हेल्मेटला पॉलिश केलं. आणि आण्णा म्हणाले, "ह्याची टेस्ट कोण करणार?"

इथून माझे दिवस फिरले. कंपाउंडच्या भिंतीवरून हाक आली, "सर, जरा वजन घेऊन या की!"

माझं वजन किती हे आमच्या गल्लीत फक्त दोघांना ठाऊक आहे, डॉक्टरांना आणि आण्णांना. बायकोलाही मी खरं सांगितलेलं नाही. आण्णांचं म्हणणं असं, की एवढं वजन ज्या पट्ट्यांनी धरलं ते पट्टे उमाला सहज धरतील. मला कारखान्यात नेऊन डाव्या सीटवर बसवलं गेलं. खांद्यावरून दोन पट्टे, कमरेवरून दोन, आणि पाचवा दोन्ही मांड्यांच्या मधून वर. त्या पाचव्याला आण्णा लंगोट-पट्टा म्हणत. "तालमीत गेला न्हाईसा न्हवं कधी? आता घाला," म्हणून त्यांनी तो असा काही ओढला की माझा आवाज बदलला. मग छताच्या चेनपुलीनं गाडी एका कुशीवर उचलली गेली, आणि मी "आण्णा, आण्णा" म्हणेपर्यंत पुरती उलटी झाली.

पोरांना पृथ्वीचा आस कललेला असतो हे शिकवताना मला आता वेगळीच जाणीव असते. रक्त डोक्यात, चष्मा जमिनीवर, पोट गळ्याशी. आण्णा खाली उकिडवे बसून विचारताहेत, "सर, कुठं टोचतंय का?" एवढ्यात शाहूवाडीकडचे एक पालक इंजिनाचा भाग न्यायला आत आले. त्यांनी वाकून, मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं.

"भूगोलाचं सर न्हवं?"

"होय."

"आमचं पोरगं कसं हाय वर्गात?"

"लक्ष नसतं," मी उलट्या अवस्थेत खरं ते सांगितलं.

"बघा, आता घरी जाऊन सांगतो त्येला. सर लटकलं तरी तुझंच सांगाय लागल्यात म्हणून." आणि ते गृहस्थ समाधानानं गेले. मला खाली घेतलं तेव्हा माझ्यासाठी मागवलेला चहा गार झाला होता.

पिंजरा टिकला, पट्टे टिकले, मीही टिकलो. पण आण्णांना माझ्या डोक्यापासून पाइपाचं अंतर कमी वाटलं. पिंजरा कापून पुन्हा केला. ती रेस हुकली. पुढच्या रेसला आण्णांना पट्ट्यांची शिवण संशयास्पद वाटली. तीही हुकली. दर वेळी मला हाक, दर वेळी मी डाव्या सीटवर. मी एकदा विचारलंसुद्धा, "चालवणारी एकटी, मग पट्टे दोन्ही सीटना कशाला?" आण्णा म्हणाले, "सर, तुमी भूगोल बघा." मी पाय आपटत घरी आलो. बायको म्हणाली, तुम्ही जाताच कशाला? पुढच्या हाकेला मी पुन्हा गेलो.

खंडेनवमीला कळस झाला. त्या दिवशी आमच्याकडे कारखान्यातल्या यंत्रांची, गाड्यांची, हत्यारांची पूजा असते. तोवर गाडी पूर्ण तयार होती. बाहेरून बॅटरी बंद करायचं लाल बटण, ओढून न्यायचा हूक, दोन सीटच्या मधोमध आग विझवायची लाल बाटली, तिची पिन चालवणाऱ्याच्या हाताशी, नुसती ओढली की बाटली सुटेल अशी. दसऱ्यानंतरच्या रविवारी रेस. पूजेला आण्णांचे जंगम स्वामी आले होते. वृद्ध, प्रसन्न माणूस. नीलाक्कानं झेंडूची एवढी मोठी माळ केली होती की ती अडकवायला बिनटपाच्या गाडीत जागा मिळेना. शेवटी तिनं माळेचं एक टोक पिंजऱ्याला बांधलं आणि दुसरं, हाताशी बरी कडी दिसली म्हणून, बाटलीच्या पिनला.

चाकाखाली लिंबं ठेवली. नारळ फुटला. रिवाजाप्रमाणं गाडी हातभर पुढं घेऊन लिंबं चिरडायची. आण्णा म्हणाले, "उमा, निधान." उमानं बसताना माळ आड येते म्हणून सहज बाजूला ओढली.

पुढचं मला फक्त ऐकू आलं, दिसलं काही नाही. फुस्स करून पांढऱ्या पावडरीचा लोट उठला आणि तो थांबेचना. पावडर खाली बसली तेव्हा गाडी पांढरी, उमा पांढरी, मी पांढरा, पेढे पांढरे आणि मधोमध स्वामी नखशिखांत पांढरे, नुसते डोळे तेवढे लुकलुकताहेत. स्वामींनी दाढी झटकली आणि म्हणाले, "गुरुपादा, येवढं भस्म मला काशीत बी मिळालं नव्हतं बघ." सगळे हसले. उमा तर गाडीच्या बॉनेटवर डोकं टेकून हसत होती.

आण्णा हसले नाहीत. रुमालानं तिच्या पापण्यांवरची पावडर पुसत राहिले. मग म्हणाले, "पिन बदलाय पायजे. ह्या रेसला न्हाय जमायचं."

उमाचं हसू तिथंच थांबलं. ती सरळ उभी राहिली.

"आण्णा, ही गाडी न्हाय. ही पेटी कराय लागलाय तुमी. मला आत घालून कुलूप लावायचं हाय ते सांगा की सरळ."

"उमा..."

"संक्रांत झाली की मी पुण्याला चाललो. नोकरीचं पत्र आलंय. त्याच्या आदी एक रेस हाय, जानेवारीत. मारली तर मारली. न्हायतर ही गाडी तुमच्या झोपाळ्याशेजारी ठेवा आणि तिच्यावर गोधड्या वाळत घाला."

ती पांढऱ्या पावलांचे ठसे उमटवत निघून गेली. नोकरीचं आण्णांना माहीत नव्हतं. ते हातातल्या रुमालाकडे बघत उभे होते.

मी रागानंच त्यांच्या घरी गेलो. म्हणजे अंघोळ करून मग गेलो. आण्णा नव्हते, नीलाक्का होती. म्हटलं, "अक्का, या माणसाला झालंय तरी काय? पोरीचा जीव रमतोय त्यात, आणि हे..."

नीलाक्का तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिच्या हनवटीखाली बघितलाईसा कधी?"

बघितलं होतं. एक बारीक वण आहे.

"तीन वर्षांची हुती. स्कूटरवर फुडं उभी करून घेऊन गेलते. सगळी न्हेत्यात तशीच. म्हस आडवी आली. ह्येंचा ब्रेक दाबाय उशीर झाला. पोरीची हनवटी हँडलवर. लई न्हाय लागलं, टाके पडले थोडे. ती इसरली, मी इसरलो. ह्येंचा पाय इसरला न्हाय." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "झोपाळ्याला पट्टा त्याच आठवड्यात लावला. लोक हसत्यात. हसू देत."

मी घरी आलो. माझा राग गेला असं मात्र नाही. चार महिने उलटं लटकलेल्या माणसाचा राग एका गोष्टीनं जात नसतो.

जानेवारीची रेस उजाडली. आण्णा गेल्या तीन महिन्यांत एकदाही "थांबू" म्हणाले नव्हते, त्यामुळे मला जास्तच भीती वाटत होती. गाडी टेम्पोवर चढवली, आम्ही माझ्या मारुतीतून मागोमाग. नीलाक्का देवापुढे बसली. माळावर ही गर्दी. रसाचं गुऱ्हाळ, भज्यांची गाडी, कर्ण्यावर गाणी. उमा हेल्मेट काखेत धरून उभी, चेहऱ्याचा रंग उडालेला, पण डोळे चमकत होते.

गाड्या तपासायला एक तरुण गृहस्थ होते. त्यांनी पिंजरा ठोकून बघितला, पट्टे ओढून बघितले, बाटली बघितली, लाल बटण दाबून बघितलं. "एक नंबर काम हाय आण्णा," म्हणाले. "एवढी सेफ गाडी ह्या ट्रॅकवर आली न्हाय." मग त्यांनी डावीकडे बोट दाखवलं. "ही सीट तेवढी काढा."

"बॅलन्सला हाय ती," आण्णा म्हणाले.

"नियम हाय. एकच सीट."

"पावणं, ऐका की जरा." आण्णा त्यांना बाजूला घेऊ लागले, पण आवाज बारीक करणं त्यांना जन्मात जमलेलं नाही, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. "पोरगी चालवणार. मी नुसता शेजारी बसणार. बोलणार पन न्हाय."

तो तरुण त्यांच्याकडे बघतच राहिला. "आण्णा, रेस हाय ही. वरात न्हाय."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. माझ्या डोक्यात तेव्हा कुठं प्रकाश पडला. दोन्ही सीटचे पट्टे. डाव्या सीटवर माझं वजन. उलटी टांगलेली गाडी आणि मला कुठं कुठं टोचतंय याची चौकशी. आण्णा इतके महिने दोघांसाठी गाडी करत होते. उमाला एकटीला पाठवायचं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"सीट निघाली न्हाय तर गाडी आत न्हाय," तो तरुण म्हणाला. आवाज मऊ होता, पण पक्का.

उमा बापाकडे बघत होती. मला वाटलं, झालं. आता बोल्ट गंजलाय म्हणतील, पाना विसरला म्हणतील. आण्णांनी चष्मा सारखा केला. दोन्ही दोऱ्या चाचपल्या. मग टेम्पोतून पाना आणला, गाडीत वाकले आणि एकेक बोल्ट सोडवू लागले. सीट निघाली. ती दोन्ही हातांत उचलून ते गर्दीतून चालत गेले, मागं वळून न बघता. उमाचे पट्टे त्या तरुणानं आवळले.

गाड्या सुटल्या. मी कुंपणाला जाऊन भिडलो. लाल गाडी मधे कुठंतरी, कधी पुढं, कधी मागं. दोन फेऱ्या झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आण्णा नाहीत. ज्या माणसानं या गाडीसाठी माझा जीव नकोसा केला, तो बघायलाही नाही? मी चिडूनच शोधायला निघालो.

ते गुऱ्हाळाच्या मागं सापडले. वाळूच्या दोन पोत्यांवर डावी सीट ठेवली होती, ट्रॅककडे पाठ करून. पट्ट्यांची टोकं मागच्या बाभळीला बांधलेली. आण्णा त्यात पाचही पट्टे लावून बसले होते, डोळे गच्च मिटून. आणि उजवा पाय. वळणाजवळ गाडीचा आवाज आला की पाय मातीत दाबला जायचा. टाचेखाली बोटभर खड्डा झाला होता.

मी चिडायला आलो होतो. शेजारी पडलेल्या तिसऱ्या पोत्यावर बसलो.

"सर?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

"हो."

"तिचा आवाज येगळा वळखू येतोय. ऐका." लाल गाडी वळणाकडे येत होती. आण्णांनी पाय दाबला. इंजिनचा आवाज चढाच राहिला. "उशीर, उशीर, निधान..." ते पुटपुटले. मग आवाज उतरला, वळण पार झालं, गाडी पुढं निघाली. पुढची फेरी. पुन्हा पाय आधी, आवाज नंतर. पुन्हा वळण नीट पार. त्याच्या पुढच्या फेरीला त्यांनी पाय दाबला नाही, तसाच अधांतरी धरला. आवाज आला, चढला, आणि बरोबर जिथं उतरायचा तिथं उतरला.

"सर," आण्णा म्हणाले, "तिचा ब्रेक बरोबर हाय. मीच आदी दाबतोय." मग म्हणाले, "म्हशीच्या टायमाला उशीर झालता न्हवं, तवापास्नं मी आदीच दाबतोय."

त्यांनी डोळे उघडले नाहीत, पण पापण्यांतून पाणी आलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पट्ट्यावरच पडला तो.

रेस संपली. नंबर काही आला नाही. उमा शोधत शोधत मागं आली, केस घामानं चिकटलेले, चेहरा लालबुंद. तिनं सीट बघितली, बाभळ बघितली, टाचेखालचा खड्डा बघितला. आण्णा पट्टा सोडायला बघत होते, पण बक्कल सुटेना.

ती गुडघ्यावर बसली. "निधान, आण्णा, निधान," म्हणत तिनं एकेक पट्टा सोडवला.

"कुठं लागलं न्हाय न्हवं?" आण्णांनी विचारलं.

"न्हाय."

"मग झालं."

घरी येताना माझी मारुती उमानं घेतली. मी मागं, माझ्या शेजारी ती डावी सीट. पुढं डावीकडे आण्णा. त्यांनी पट्टा लावला, ओढून बघितला. मग खाली माझ्या मॅटच्या भोकाकडे जरा वेळ बघत बसले. आणि चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसले, पंगतीला बसतात तसे.

गडमुडशिंगीच्या अलीकडं आडवाटेनं उसाची ट्रॉली भस्सकन रस्त्यावर आली. उमानं ब्रेक दाबला. जरा उशिराच दाबला, असं मला वाटलं. आण्णांची मांडी हलली नाही. मागं माझा उजवा पाय मात्र पुढच्या सीटखाली जाऊन रुतला होता आणि माझ्या तोंडून शब्द गेला होता, "निधान!"

आण्णांनी मान वळवली नाही.

"सर," ते म्हणाले, "तिला कळतंय की."